कल्याणचे चर्मकार शरण हरळय्या : चरित्राचीं साधनें व त्यांचें बलाबल

१. विषयप्रवेश

आपल्या प्रांताच्या इतिहासाचीं जीं साधनें आजवर उजेडांत आलीं आहेत, तीं बहुतेक राजांचीं, देवस्थानांचीं अथवा वतनदारांचीं आहेत. दान दिलें म्हणजे ताम्रपट होतो, देऊळ बांधलें म्हणजे शिलालेख होतो, वतनाचा तंटा लागला म्हणजे महजर होतो. ज्याच्या हातून यांपैकीं कांहींच घडलें नाहीं, त्याचें नांव कागदावर अथवा दगडावर चढण्यास कारणच पडत नाहीं. जोडे शिवून ते विकणारा आणि त्यावर घर चालविणारा चर्मकार हा असा मनुष्य होय. त्याच्या हातचा माल वर्ष दोन वर्षांत झिजतो, आणि मालाबरोबर त्याची आठवणहि झिजते.

असें असूनहि बाराव्या शतकांतील एका चर्मकाराचें नांव आठशेंहून अधिक वर्षें टिकून आहे. कल्याणचे शरण हरळय्या हे ते होत. लातूर, धाराशिव (पूर्वींचें उस्मानाबाद), सोलापूर, बिदर या टापूंत त्यांचें नांव आजहि आदरानें घेतलें जातें. त्यांच्याविषयीं सांगण्यांत येणाऱ्या गोष्टी पुष्कळांस ठाऊक आहेत. परंतु त्या गोष्टी कोणत्या काळच्या, कोणत्या साधनांत कशा येतात आणि त्यांपैकीं कोणत्यांवर कितपत भिस्त ठेवावी, याचा विचार मराठींत फारसा केला जात नाहीं. तो येथें थोडक्यांत करावयाचा आहे.

२. स्थळ व काळ

कल्याण म्हणजे हल्लींचें बसवकल्याण, जिल्हा बिदर. अकराव्या शतकाच्या मध्यास चालुक्य सोमेश्वर पहिला याच्या वेळीं तेथें राजधानी आली. विक्रमादित्य सहावा (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या दरबारीं बिल्हण कवि होता, आणि याज्ञवल्क्यस्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें याच नगरीत लिहिली. या शेवटल्या गोष्टीचें स्मरण वाचकांनीं ठेवावें. पुढें तिचें काम पडेल.

हें स्थळ आज कर्नाटकांत असलें तरी नांदेड-लातूरकरांना तें परकें नाहीं. निलंग्याचें नीळकंठेश्वराचें देवालय आणि देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं देवालयें याच चालुक्यकाळाचीं साक्ष देतात. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके इ. स. १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यांतच होते. त्या सालच्या राज्यपुनर्रचनेंत ते उस्मानाबादेस जोडले गेले आणि इ. स. १९८२ मध्यें लातूर जिल्हा निराळा झाल्यावर त्यांत आले. शरणांच्या मंडळाचा संबंधहि याच मुलखाशीं आहे. ऊरिलिंगदेव यांचा मठ कंधारास होता अशी परंपरा आहे. त्यांचे शिष्य ऊरिलिंगपेद्दी हे जन्मानें अस्पृश्य मानलेल्या जातीचे; तेच पुढें त्या गादीवर बसले. त्यांचीं व त्यांची पत्नी काळव्वे यांचीं वचनें कानडींत उपलब्ध आहेत.

काळासंबंधीं असें. बिज्जळ कलचुरी हा चालुक्यांचा मांडलिक, प्रथम मंगळवेढ्यास राहणारा. त्यानें इ. स. ११५७ च्या सुमारास सत्ता बळकावली, ११६२ पासून सम्राटाचीं बिरुदें उघडपणें धारण केलीं, आणि ११६७-६८ च्या सुमारास त्याच्या जागीं त्याचा पुत्र सोविदेव आला. बसवेश्वर हे बिज्जळाचे भांडारी. हरळय्यांच्या चरित्रांतील ज्ञात प्रसंग या दहा-अकरा वर्षांच्या आंत बसतात.

३. धंदा

हरळय्या, त्यांची पत्नी कल्याणम्मा आणि पुत्र शीलवंत असें हें घर. जोडे करणें व विकणें ही त्यांची उपजीविका, यांत सर्व कथांचें एकमत आहे.

या धंद्याची रीत ठाऊक असल्याखेरीज पुढील कथांचा अर्थ लागत नाहीं. कच्चें कातडें प्रथम चुन्याच्या पाण्यांत भिजवून त्याचे केस काढावे लागतात. नंतर बाभळीच्या किंवा तरवडाच्या सालींत आणि हिरड्याच्या पाण्यांत तें दिवसचे दिवस मुरवावें लागतें. हें काम ढोरांचें. कमावलेलें कातडें चर्मकाराकडे येतें. तो तें पुन्हां कुंडींतील पाण्यांत भिजवून मऊ करतो, रापीनें कापतो, आरीनें टोचतो आणि वादीनें अथवा मेण लावलेल्या दोऱ्यानें शिवतो. कुंडी ही चर्मकाराच्या घरची नित्याची वस्तु. तिच्या वासामुळें त्याचें घर वेशीबाहेर गेलें; आणि तिच्यावांचून गांवातील एकहि पाय काट्यांत टाकतां येत नाहीं.

खेड्यांतील चर्मकार आणि नगरांतील चर्मकार यांच्या व्यवहारांत भेद असतो. मराठेशाहींतील कागदांवरून दिसतें कीं, खेड्यांत तो बलुतेदार. मोट, नाडा, वहाणा यांच्या कामाबद्दल त्यास खळ्यावर धान्य मिळावयाचें, आणि कोणास जोडा द्यावयाचा हें रिवाजानें ठरलेलें असावयाचें. नगरांत मात्र गिऱ्हाईक येतें, भाव होतो, रोख किंवा उधार माल जातो. बाराव्या शतकांतील कल्याणसारख्या राजधानींत जोडे विकणाऱ्याचा संबंध सैनिक, कारकून, व्यापारी, यात्रेकरू अशा सर्वांशीं येत असला पाहिजे, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. अशा मनुष्यास देणें आणि घेणें, बाकी आणि फेड यांची संवय असते. हरळय्यांची सर्वांत प्रसिद्ध कथा याच हिशेबावर उभी आहे.

४. शरणांचा समुदाय

कल्याणास जमलेल्या शरणांच्या आचारांत दोन गोष्टी मुख्य होत्या. एक कायक, म्हणजे आपल्या अंगमेहनतीचा प्रामाणिक धंदा, तोच पूजेसमान मानणें. दुसरी दासोह, म्हणजे त्या कमाईंतून घरापुरतें ठेवून उरलेलें समुदायाच्या व जंगमांच्या सेवेस लावणें. या व्यवस्थेंत चर्मकाराचें दुकान आणि त्याची भक्ति यांच्यामध्यें भिंत राहत नाहीं. तो जोडा विकतो हीच त्याची सेवा, आणि विक्रीचा पैसा हीच त्याची दक्षिणा.

चर्मव्यवसायी लोक या समुदायांत अपवाद म्हणून नव्हते, हें वचनवाङ्मयावरून स्पष्ट होतें. बसवेश्वरांच्या वचनांत मादार चन्नय्या आणि डोहार कक्कय्या यांची नांवें वाडवडिलांच्या नात्यानें येतात. ब्राह्मणकुळांत जन्मलेला राजाचा भांडारी मादिगाला व ढोराला आपले पूर्वज म्हणतो. चन्नय्या हे परंपरेनें बसवेश्वरांहून आधींचे मानले जातात. त्यांच्या नांवावरील वचनें थोडीं आहेत, परंतु त्यांची मुद्रिका लक्ष देण्याजोगी आहे : ती चर्मकामाच्या हत्यारांच्या नांवांनीं, म्हणजे टोचणी, सुरी आणि ठोकण्याचा खुंट यांनीं बनलेली आहे. इतर शरण आपल्या इष्टदेवतेच्या नांवानें वचन संपवितात. हे आपल्या हत्यारांनीं संपवितात. मादार धूळय्या हेहि चर्मकार. त्यांच्या नांवावर सुमारें शंभर वचनें आहेत.

हीं वचनें आज ज्या रूपांत मिळतात तें रूप बरेंच उत्तरकालीन संकलनांतून आलेलें आहे, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. तथापि जातीनें नीच मानलेल्या कारागिरांचीं इतकीं नांवें नंतरच्या एखाद्या मठाधिपतीनें मुद्दाम रचून घालण्याचा संभव फार थोडा; नंतरच्या काळाची प्रवृत्ति उलट त्यांस झांकण्याकडे होती. म्हणून हरळय्या ज्या मंडळींत वावरले ती मंडळी ऐतिहासिक आहे, एवढें निश्चित धरावें.

५. पादुकांची कथा

कथा अशी. एके दिवशीं वाटेंत बसवेश्वर भेटले असतां हरळय्यांनीं त्यांस ‘शरणु’ म्हणून वंदन केलें. बसवेश्वरांनीं उत्तरादाखल दोनदां ‘शरणु’ म्हटलें. हरळय्या घरीं आले ते चिंतेंत. आपण एक दिलें आणि दोन मिळालीं. जें अधिक मिळालें त्याचा भार राहिला, तो फेडावा कसा? पतिपत्नींनीं विचार करून आपापल्या मांडीचें कातडें काढलें, तें कमावून त्याचे जोडे शिवले आणि बसवेश्वरांपुढें नेऊन ठेवले. बसवेश्वरांनीं ते पायांत घातले नाहींत; मस्तकीं धरले आणि आपली योग्यता नाहीं म्हणून परत दिले. कांहीं कथांत पुढें असें येतें कीं, दुसऱ्या कोणी एकानें हट्टानें ते पायांत घातले, त्याच्या अंगाचा दाह झाला, आणि हरळय्यांच्या कुंडींतील पाण्यानेंच तो शमला.

ही कथा इतिहास म्हणून स्वीकारतां येत नाहीं, हें सांगावयास नकोच. कुंडीच्या पाण्याचा महिमा उत्तरेकडील संत रोहिदासांच्या चरित्रांतहि आहे. तेथें त्यांच्या काथवटींत गंगा प्रकट होते. जी वस्तु समाजानें सर्वांत अपवित्र ठरविली तीच तीर्थ ठरावी, असा हा दोन्हीकडचा एकच भाव आहे. कोणी कोणापासून घेतला याचा शोध घेण्यापेक्षां, एकाच धंद्याच्या लोकांनीं दोन प्रांतांत आपल्या अपमानाला एकच उत्तर दिलें असें समजणें मला अधिक सयुक्तिक वाटतें.

परंतु कथा घडली नाहीं म्हणून ती निरुपयोगी ठरत नाहीं. तिच्यांतील तीन गोष्टी विचारांत घ्याव्या. पहिली, येथें ऋण पैशाचें नसून मानाचें आहे. ज्याला आयुष्यांत कोणी उलट नमस्कार केला नाहीं, त्यालाच एक नमस्कार जास्त झाल्याची टोंचणी लागते. ही कथा राजसभेंत जन्मलेली नसून चर्मकाराच्या घरीं जन्मलेली आहे. दुसरी, फेड करावयाची ती स्वतःच्या मालानें, म्हणजे जोड्यानें. देऊळ बांधून अगर दान देऊन नव्हे. तिसरी, पत्नीचा वांटा बरोबरीचा आहे. चर्मकाराच्या घरीं बायको कामांत सारखी राबते, हें कथेनें जसेंच्या तसें ठेवलें आहे. प्रसंग कल्पित असला तरी घर खरें आहे.

६. विवाह व दंड : निरनिराळीं कथनें

हरळय्यांचें नांव इतिहासांत ज्या प्रसंगामुळें आलें तो हा. मधुवरस नांवाचे जन्मानें ब्राह्मण असलेले राजाधिकारी शरण झाले होते. त्यांची कन्या हरळय्यांचा पुत्र शीलवंत यास दिली. दोन्ही घरें लिंगदीक्षा घेतलेलीं, तेव्हां कोणी ब्राह्मण नाहीं, कोणी चर्मकार नाहीं, दोघेहि लिंगवंत, असा शरणांचा पक्ष. दीक्षेनें जात जात नाहीं, हा वर्णसंकर आहे, असा विरोधकांचा पक्ष. बिज्जळानें दुसरा पक्ष उचलला, हरळय्या व मधुवरस यांस हत्तीच्या पायास बांधून नगरांतून फरफटत नेवविलें, आणि त्यांत त्यांचा अंत झाला. कांहीं कथांत शीलवंतासहि हीच शिक्षा झाल्याचें येतें. पुढें दंगा माजला, बिज्जळाचा वध झाला, शरण पांगले. कन्येचें नांव कोठें लावण्यवती, कोठें कलावती असें सांपडतें. गिरीश कार्नाड यांच्या ‘तलेदंड’ (१९९०) या कानडी नाटकामुळें हें कथानक आधुनिक वाचकांसहि परिचित झालें आहे.

आतां जुन्या साधनांकडे वळूं. बसवचरित्राचा आद्य ग्रंथ म्हणजे पाल्कुरिकी सोमनाथ याचें तेलुगु बसवपुराण, तेराव्या शतकांतील. त्यावरून भीमकवीनें शके १२९१ (इ. स. १३६९) मध्यें कानडी बसवपुराण रचलें. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं दक्षिणेच्या प्राचीन इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथांत (१८८४) बसवपुराणांतील जो सारांश दिला आहे, त्यांत कल्याणच्या दोन भाविक लिंगायतांचे डोळे बिज्जळानें विनाकारण काढविले, त्यावरून बसवेश्वर राजास शाप देऊन नगर सोडून गेले आणि जगदेवास राजवधाची आज्ञा झाली, असें आहे. त्या दोघांचीं नांवें हल्लय्य आणि मधुवय्य अशा स्वरूपाचीं आहेत. हेच आपले हरळय्या व मधुवरस, याविषयीं शंका घेण्याचें कारण दिसत नाहीं.

परंतु भेद पाहण्यासारखा आहे. त्या सारांशांत जोड नांवें आहेत, राजदंड आहे, त्यापायीं उठलेलें बंड आहे. मात्र चर्मकाराचा धंदा नाहीं, विवाह नाहीं, हत्तीचे पाय नाहींत. उत्तरकालीन कानडी चरित्रांत व लोकपरंपरेंत विवाह आहे, धंदा आहे, आणि शिक्षा बदललेली आहे. जैनपक्षाच्या बिज्जळचरित्रांत तर बिज्जळाच्या मृत्यूचें कथन अगदींच निराळें, विषप्रयोगाचें आहे.

तर मग विवाहाची गोष्ट मागाहून जोडली, असें म्हणावें काय? मला तसें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण असें. ‘विनाकारण डोळे काढविले’ हें कारण नव्हे; तो कारणाचा अभाव आहे. दोन भक्तांना एकदमच, एकाच प्रकारची शिक्षा व्हावी, आणि त्यावरून भांडाऱ्यानें नगर सोडावें, यास त्या दोघांस एकत्र बांधणारें कांहीं तरी घडलें असलें पाहिजे. विवाहसंबंध हें कारण तेथें नेमकें बसतें. मिताक्षरेचें स्मरण ठेवावें असें वर म्हटलें तें यासाठींच. याज्ञवल्क्यस्मृतींत स्त्रीसंग्रहणप्रकरणीं प्रतिलोम संबंधाबद्दल पुरुषास वधदंड सांगितला आहे, आणि त्या स्मृतीची प्रमाणभूत टीका त्याच नगरींत, फार तर तीन-चार पिढ्यांपूर्वीं लिहिली गेली होती. त्या प्रकरणाचा विषय विवाह नव्हे, हें खरें. तथापि प्रतिलोम संबंध राजदंडास पात्र आहे ही समजूत कल्याणच्या धर्माधिकाऱ्यांस अपरिचित नसणार. बिज्जळाचें कृत्य निव्वळ क्रौर्य न राहतां त्या काळच्या कायद्याच्या चौकटींत समजून घेतां येतें. आणि शरणांचा अपराध काय होता हेंहि कळतें. दीक्षा श्रेष्ठ कीं जन्म, हा तो वाद. चर्मकाराच्या घरीं त्याचा निकाल एका लग्नानें लावला गेला.

७. शिलालेखांचें मौन

या सर्वांवर एक आक्षेप येतो. बिज्जळाचे समकालीन शिलालेख पुष्कळ असतां त्यांत ना बसवेश्वर, ना हरळय्या. डॉ. फ्लीट यांनीं अबलूर येथील लेख प्रसिद्ध करतांना याच मौनावर भर देऊन एकांतद रामय्या यास पुढें आणलें व बसवचरित्राविषयीं संशय व्यक्त केला. पुढें बेळगांव जिल्ह्यांतील अर्जुनवाड येथील, यादव कृष्ण अथवा कंधार याच्या वेळचा इ. स. १२६० चा लेख उजेडांत आला, आणि त्यांत बसवेश्वरांचा व त्यांच्या घराण्याचा उल्लेख सांपडला. भांडाऱ्यासारखा मोठा अधिकारी असूनहि दगडावर नांव येण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. चर्मकाराचें नांव दगडावर नाहीं म्हणून तो नव्हताच, हा युक्तिवाद यापुढें कोणी करूं नये.

८. बलाबल

वरील विवेचनावरून हरळय्यांच्या चरित्रांतील गोष्टींची प्रतवारी अशी लागते. चर्मव्यवसायी शरणांचा समुदाय कल्याणास होता, हें वचनांच्या आधारानें निश्चित. मधुवरसांसह त्यांस बिज्जळानें क्रूर दंड दिला व त्यावरून बंड उठलें, हें जुन्या पुराणाच्या आधारानें विश्वसनीय. दंडाचें कारण विवाह होतें, हें उत्तरकालीन परंपरेचें म्हणणें, पण परिस्थितीशीं जुळणारें, म्हणून संभवनीय. डोळे काढले कीं हत्तीच्या पायीं दिलें, याचा निर्णय जुन्या कथनाच्या बाजूनें झुकतो. पादुकांची कथा हें भक्तिकाव्य; तिचा उपयोग घटनेसाठीं नव्हे, चर्मकाराच्या घरची दृष्टि समजण्यासाठीं.

९. उपसंहार

शरणांच्या पांगापांगीची एक परंपरा हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्यांनीं विसरूं नये. चन्नबसव इत्यादि मंडळी वचनांचे गठ्ठे घेऊन उळवीकडे निघालीं असतां पाठीवर आलेल्या सैन्यास कक्कय्यांनीं थोपवून धरलें, आणि ते बेळगांव जिल्ह्यांतील कक्केरी येथें पडले, असें सांगतात. ज्याच्या जातीनें ग्रंथास शिवूं नये असा नियम, त्या ढोरानें ग्रंथ राखण्यासाठीं प्राण दिला. पुढें विजापूरचे फ. गु. हळकट्टी यांनीं वकिली बाजूस सारून घरोघरचीं ताडपत्रें जमविलीं, इ. स. १९२३ मध्यें ‘वचनशास्त्रसार’ छापलें, आणि हें वाङ्मय जगापुढें आलें.

हरळय्यांच्या नांवाची शेवटची नोंद मात्र कोणत्याहि पोथींत नाहीं. ती सरकारी आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादींत चांभार, मोची, समगार यांच्या ओळींत ‘हरळय्या’ व ‘हरळी’ हीं नांवें आहेत, आणि ढोरांच्या नोंदींत ‘कक्कय्या’ हें नांव आहे. जात नाहीं असें ठरवून ज्यांनीं लग्न लावलें आणि त्यासाठीं देह दिला, त्यांचेंच नांव कालांतरानें एका जातीचें नांव झालें. हा त्यांचा पराभव म्हणावा, कीं ज्यांना कोणीच आपलें म्हटलें नाहीं त्यांनीं आपल्या माणसाचें नांव अंगावर वागविलें म्हणून विजय म्हणावा, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें एवढेंच कीं, दगडानें जें राखलें नाहीं तें लोकांनीं राखलें.

म्हणून संग्राहकांस विनंति ही कीं, उदगीर, निलंगा, अहमदपूर, देगलूर, कंधार या भागांतील मठ व घरें पाहतांना केवळ राजमुद्रेचे कागद शोधूं नयेत. चर्मकार, ढोर, मातंग यांच्या घरच्या भजनाच्या वह्या, वंशावळी, उधारीच्या बह्या, आणि वृद्धांच्या तोंडचीं कानडी-मराठी पदें हींहि साधनेंच आहेत. तीं वाळवीच्या तोंडीं जाण्यापूर्वीं उतरून घ्यावीं, कोठें व कोणाकडून मिळालीं तें नमूद करावें, आणि प्रसिद्ध करावीं. हरळय्यांचें चरित्र पुरें होण्याचा दुसरा मार्ग नाहीं.